एका टेक ऑफवर राजा

मावशीला इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं, पण असं येत होतं की इंग्रजांनी तिच्याकडे शिकवणी लावावी.

झालं असं, की शहरात इंग्रजी बोलणारी एक फिरती नाटक कंपनी उतरली. तिची कपडेवाली लग्न करून मधेच पसार झाली. आता दुपारच्या खेळाचे कपडे जी नीट सांभाळील, तिला ती जागा कायमची मिळणार होती. आयुष्यभर लोकांच्या बाह्या आखूड करून मावशी कंटाळली होती. तिला ही नोकरी हवी म्हणजे हवीच होती.

कॉलेजात शिकवणारी भाची म्हणाली, "मावशे, एका सकाळीत इंग्रजी नाही गं येणार. एकच घे, पण त्याचं हाड न् हाड ओळखून घे. टेक ऑफ. कोट अंगातून काढला, टेक ऑफ. विमान उडालं, टेक ऑफ. रजा घेतली, टेक ऑफ. कुणाची नक्कल केली..."

"टेक ऑफ. आणि धंदा एकदम जोरात चालायला लागला तर?"

"तेही टेक ऑफच."

"म्हणजे उतरायचं तरी तेच न् चढायचं तरी तेच! क्रियापद आहे की माझे थोरले दीर?"

मावशी थिएटरात गेली. उंच, वाकड्या मानेच्या मॅनेजरने काहीतरी लांबलचक विचारलं. मावशीने मान वाकडी करून त्याच्यासारखं चालून दाखवलं आणि म्हणाली, "टेक ऑफ." तो खो खो हसला. मग तिने रंगमंचाकडे बोट दाखवलं, हात विमानासारखा वर नेला आणि ठासून म्हणाली, "टेक ऑफ!" नाटक जोरात चालणार, हे भाकीत ऐकून त्याने कपड्यांची खोली उघडून दिली.

गोची पुढेच होती. मुख्य नट म्हणजे खांब. हुकूम ऐकल्याशिवाय हात वर करणार नाही, अशी त्याची ऐट. नाटकात तो आधी राजा, मग सरदार, मग व्यापारी, मग भिकारी; खुंट्यांवर कपडे त्याच क्रमाने टांगलेले. मधे वेळ ढोल वाजेल तेवढाच. कपडे काढायचा हुकूम मावशीच्या जिभेवर तयार होता. घालायचा मात्र भाचीकडेच राहिला होता.

नट खेळाआधी खुर्चीत घोरत पडला होता. झोपलेला माणूस हुकमाची वाट बघत नाही. मावशीने त्याच्या अंगात आधी भिकारी घातला, त्यावर व्यापारी, त्यावर सरदार आणि सगळ्यांवर राजा.

घंटा झाली तेव्हा महाराज दारातून बाहेर निघेनात. दोन शिपायांनी त्यांना मागून ढकललं. मग प्रत्येक प्रवेशाला मावशी विंगेत "टेक ऑफ!" म्हणे आणि एकेक थर उतरे. राज्य गेल्याच्या दुःखाने माणूस डोळ्यांदेखत असा झडतोय हे पाहून पहिल्या रांगेतला डॉक्टर नाडी बघायला उठला. बायकोने त्याला ओढून खाली बसवलं.

मावशी घाम पुसते न पुसते तोच मॅनेजर पांढराफटक होऊन धावत आला. त्याने भिकाऱ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या डोक्यावर हवेतला मुकुट ठेवला. शेवटच्या प्रवेशात भिकाऱ्याला राज्य परत मिळत होतं! ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पडदा तर वर गेलेला. भिकारी दरबारात हात खाली सोडून उभा, खांबासारखा.

मावशी डगमगली नाही. विंगेच्या अगदी कडेला आली, सगळ्या दरबाऱ्यांवर बोट रोखलं आणि गरजली, "टेक ऑफ!"

दरबारी दचकले. प्रधानाने शाल काढली. काढली खरी, पण ठेवणार कुठे? त्याने ती भिकाऱ्याच्या खांद्यांवर टाकली. मग राणीने माळ उतरवून त्याच्या गळ्यात घातली, सेनापतीने पट्टा बांधला. शेवटी गादी बळकावलेल्या भावाने स्वतःचा मुकुट काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. सगळा दरबार उघडाबोडका आणि मधोमध राजा! टाळ्यांनी छताची धूळ खाली आली.

मॅनेजर डोळे पुसत बरंच काही बोलला. मावशीला त्यातलं कळलं ते एवढंच, की त्याने हातात कपड्यांच्या खोलीची किल्ली ठेवली आणि उद्याही असंच, अशी खूण केली.

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली, दमलेले पाय चोळले आणि उद्याच्या तारखेवर बोट ठेवून गोड हसत म्हणाली, "टेक ऑफ?"

नोकरी लागून घटकाही झाली नव्हती आणि बाई रजा मागत होत्या. मॅनेजरने दिली.