वखारीतला माणूस वाचला

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घरात भावंडं दोनच, ही आणि धाकटा. लहानपणी पडलेलं ‘थोरली’ हे नाव तिला चाळिशी ओलांडली तरी चिकटून राहिलं होतं. दिवसभर ती लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवायची, कानामागची काडी गरम करून वाकवायची, आणि मधल्या रिकाम्या वेळात काउंटरखाली फोन धरून आपल्या पटकथेतली वाक्यं इकडची तिकडे करायची. मालकाला ते ठाऊक होतं. “गिऱ्हाईक आलं की मान वर कर, म्हणजे झालं,” एवढंच तो म्हणायचा.

पटकथा एकच होती आणि ती आईवर होती.

आई अग्निशमन दलात टेलिफोनवर होती. कुठे आग लागली की पहिली हाक तिच्या कानाशी यायची. थोरली नुकती पाऊल टाकायला शिकत होती, तेव्हा एका दुपारी फर्निचरच्या वखारीतून फोन आला. पहारेकरी आतल्या खोलीत अडकला होता आणि दाराबाहेर नुसता धूर. बंब निघाले होते, पण मागच्या गल्लीत एक ट्रक आडवा उभा होता आणि त्याच्या ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. आईने त्या माणसाला सांगितलं, जमिनीवर आडवे व्हा, शर्ट काढून तोंडाला लावा, आणि माझ्याशी बोलत राहा. तो बोलत राहिला. सकाळी बायकोशी छत्रीवरून भांडण झालं होतं, ते सांगितलं. छत्री त्यानेच हरवली होती आणि कबूल मात्र केलं नव्हतं. मग त्याला बोलवेना, तेव्हा म्हणाला, “आता तुम्हीच बोला.” आई बोलू लागली. आपली मुलगी टेबलाला धरून कशी उभी राहते, हात सोडला की कशी बसकण मारते, असलंच काहीबाही. पलीकडून आवाज येईनासा झाला तरी ती थांबली नाही, कारण लाइन चालू होती. शेवटी कुणीतरी तिकडचा रिसीव्हर उचलला आणि एक जवान म्हणाला, “ताई, ठेवा आता फोन.”

आईने हे थोरलीला आयुष्यात एकदाच सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता. सांगून झाल्यावर घड्या उचलून कपाटात ठेवल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही. थोरलीने मात्र तो सोडला नाही. पटकथेत शेवट जसा झाला तसाच ठेवला होता.

आता पटकथा लिहिली म्हणून काही सिनेमा होत नाही. थोरलीची त्या धंद्यात ना ओळख ना पाळख. मग तिला इंटरनेटवर ती कंपनी सापडली. ‘तुमची गोष्ट योग्य कानांपर्यंत’ असं तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पैसे भरायचे, यादीतून एखाद्या निर्मितीसंस्थेचा माणूस निवडायचा, आणि ठरल्या वेळी तो पडद्यावर उगवला की दहा मिनिटांत आपली गोष्ट त्याच्या गळी उतरवायची. मागाहून तो गुण द्यायचा आणि खाली दोन ओळी लिहायचा. वेळ संपली की पडदा आपोआप काळा. मग तुम्ही वाक्याच्या मध्यावर असा, नाहीतर गोष्टीतला माणूस मरण्याच्या मध्यावर असो.

पहिला ऐकणारा सगळा वेळ काहीतरी चावत होता. दुसऱ्या बाईंनी विचारलं, “दोन माणसं फोनवर बोलतात, पुढे काय?” तिसरा म्हणाला, नायिकेचं वय कमी करा आणि तिचा नवरा दुष्ट दाखवा. थोरलीचे वडील इतके गरीब स्वभावाचे होते की दूधवाल्यालाही ‘अहो’ म्हणायचे. त्यांना दुष्ट करायला तिची बोटं धजेनात. आणखी एकाने लिहून पाठवलं, ‘घोडेस्वारीचे प्रसंग फार जिवंत उतरले आहेत.’ तिच्या पटकथेत घोडाच नव्हता. दुसऱ्या कुणासाठी लिहिलेल्या दोन ओळी तिच्या पदरात पडल्या होत्या. तिने तक्रार केली, तर उत्तरादाखल पुढच्या वेळेसाठी सवलत आली.

“ताई, अगं हे तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत आणि शिडीचं भाडं घेतायत,” धाकटा फोनवर म्हणाला. तो दूर, दुसऱ्या शहरात असायचा.

“मग तू ओळख काढून दे कुणाची.”

धाकट्याने विषय बदलला. त्याच्याजवळ तरी कुठली ओळख?

मग तिला हेडफोनवाला भेटला. एका बऱ्यापैकी नाव असलेल्या संस्थेचा माणूस म्हणून तो यादीत होता. गळ्यात मोठाले हेडफोन, डोळ्यांखाली काळं, आवाज मऊ. त्याने गोष्ट मध्ये न तोडता ऐकली. आईचं बोलत राहणं आलं तेव्हा त्याने खाली बघितलं. थोरलीला वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं.

“फार सुंदर आहे,” तो म्हणाला. “पण हा माणूस मेला तर मला हे वर नेता येणार नाही. त्याला वाचवा. तो वाचतो, आणि एक दिवस त्या बाईंना भेटायला येतो. मग बघा.”

“पण सर, तो वाचला नव्हता.”

“ते तुम्हाला माहीत आहे. प्रेक्षकाला कुठे माहीत आहे?”

थोरली आठवडाभर घुम्यासारखी वावरली. मग लिहायला बसली. ट्रक वेळेवर हलला, दार फुटलं, माणूस बाहेर आला. शेवटच्या प्रसंगात तो नवी छत्री घेऊन आईच्या दाराशी उभा राहिला. लिहिताना तिचेच डोळे भरून आले, आणि त्यालाच ती चांगलं लिहिलं गेल्याची खूण समजली. पुन्हा पैसे भरून तिने हेडफोनवाल्याला गाठलं. या वेळी सगळ्या चौकटींत पूर्ण गुण आले. खाली लिहिलं होतं, ‘संपूर्ण पटकथा पाठवा. वरिष्ठांना दाखवतो.’

तिला आकाश ठेंगणं झालं. हा आनंद सांगायचा कुणाला? घरात आई होती.

आईचं विसरणं अलीकडे वाढलं होतं. चहा प्यालेला कप बाजूला ठेवून ती चहा मागायची. शेजारच्या काकूंना कधी ओळखायची, कधी नुसतं हसायची. पण ऐकायला तिला अजूनही आवडे. रविवारी दुपारी थोरलीने तिला खिडकीशी बसवलं आणि पटकथा पहिल्यापासून वाचून दाखवली. आई हातांची घडी घालून ऐकत होती. तो माणूस छत्री घेऊन दारात आला, तेव्हा तिने थोरलीचं मनगट धरलं.

“वाचला?”

थोरलीला प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला.

“अगं, वाचला तो? मला कुणी सांगितलंच नाही.” आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “इतकी वर्षं मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मी आपली समजत होते...”

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आईचा तो चेहरा थोरलीने कधी पाहिलाच नव्हता. तिने मूग गिळले.

दुसऱ्या दिवशी आई ते विसरेल असं तिला वाटलं होतं. आई नेमकं तेवढंच विसरली नाही. सकाळी उठून ती बाहेर जायचे कपडे घालून दाराजवळच्या खुर्चीत बसू लागली. “तो यायचाय ना,” म्हणायची. शेजारच्या काकूंना बोलावून तिने बातमी दिली. घरात एक जास्तीचा कप धुऊन पालथा घातलेला दिसू लागला.

“राहू दे ना, ताई,” धाकटा म्हणाला. “सुखात आहे ती. तुझं काय जातंय?”

तिकडे पटकथा पाठवून बरेच दिवस लोटले, तरी निर्मितीसंस्थेकडून हूं की चूं नाही. एक दिवस दुकानातून लवकर सुटून थोरली त्यांच्या कार्यालयात गेली. काचेचं दार, पलीकडे टेबलाशी बसलेली बाई, भिंतीवर सिनेमांची चित्रं. थोरलीने हेडफोनवाल्याकडे काम असल्याचं सांगितलं. बाईने आतल्या कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन हळू आवाजात म्हणाली, “ते इथून सोडून गेले त्याला खूप काळ झाला. आणि आम्ही त्या साइटवरून काही घेत नाही, मॅडम. कधीच घेतलं नाही. तुम्ही पहिल्या नाही आहात विचारणाऱ्या.” शेवटचं वाक्य बोलताना तिने नजर वळवली.

हेडफोनवाल्याशी बोलायचं तर एकच वाट होती. त्याची दहा मिनिटं पुन्हा विकत घ्यायची. परतीच्या वाटेवर एका बाकावर बसून थोरलीने फोनवरून ती घेतली.

तो पडद्यावर आला आणि तिला ओळखून हसला. “काही नवीन लिहिलंत?”

“तुमच्या ऑफिसात जाऊन आले,” ती म्हणाली.

त्याचं हसू विरलं. त्याने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मागे दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. ते तिला पूर्वी कधी दिसले नव्हते.

“नोकरी गेली माझी,” तो म्हणाला. “यादीत जुनं नाव राहिलं. मी काढायला सांगितलं होतं, एकदा. नंतर नाही सांगितलं. मी स्वतःही लिहितो. माझंही कुणी घेत नाही.”

“वरिष्ठांना दाखवतो म्हणालात.”

“ते... तसं लिहावं लागतं. ज्यांना आशा दिसते ते परत येतात. परत येणारे नसले तर आम्हालाही ठेवत नाहीत.”

थोरलीला आरडाओरडा करायचा होता. वाटेत तिने वाक्यं जुळवूनही ठेवली होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “तो मेला, तीच चांगली होती का?”

पडद्याच्या कोपऱ्यातले सेकंद उतरत होते.

“हो,” तो म्हणाला. “तुमच्या आई नुसत्या बोलत राहतात, तिथे मला माझी...”

पडदा काळा झाला. त्यावर पाच तारे उमटले आणि विचारणा झाली, ‘आपला अनुभव कसा होता?’

ती तशीच बसून असताना फोन वाजला. अग्निशमन केंद्रातून एक मुलगी बोलत होती. “तुमची आई इथे आली आहे. घाबरू नका, बरी आहे.”

आई दोन चौक ओलांडून आपल्या जुन्या नोकरीच्या जागी गेली होती. थोरली धावत पोहोचली तेव्हा ती कंट्रोल रूमच्या बाकावर ताठ बसली होती. भिंतींचा रंग बदलला होता, काळ्या टेलिफोनांच्या जागी स्क्रीन आले होते, तरी आई घरी असल्यासारखी बसली होती. ड्यूटीवरची मुलगी उठून थोरलीजवळ आली. “काकू कुणाचा तरी पत्ता मागतायत. वखारीतला कुणी वाचलेला माणूस. आमच्याकडे असं काही सापडत नाही, आणि त्या ऐकत नाहीत.”

“ही आली माझी मुलगी,” आई म्हणाली. “हिला विचारा. हिनंच मला वाचून दाखवलं. सांग गं यांना. ही पोरं म्हणतात तो नाहीच.”

खोलीतल्या दोघातिघांनी थोरलीकडे पाहिलं. ती आईसमोर खाली बसली आणि तिचे दोन्ही हात धरले.

“आई, तो नाही वाचला. मी ते मनानं लिहिलं होतं.”

आई तिच्याकडे पाहत राहिली. कुठूनतरी लांबून येऊन ती त्या खोलीत शिरल्यासारखी वाटली. तिची नजर थोरलीला कित्येक महिन्यांत दिसली नव्हती इतकी स्वच्छ होती.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “मी ऐकलं होतं ना. श्वास थांबलेला ऐकू येतो.” मग थोडं थांबून, अगदी न रागावता तिने विचारलं, “मग असं का लिहिलंस?”

“मेलेला चालत नाही म्हणाले.”

“कुणाला?”

आई रडू लागली. आवाज न करता, खांदे हलवत. त्या वेळी नोकरीवर असताना जे रडायचं राहून गेलं होतं, ते तिने त्याच खोलीत रडून घेतलं. ड्यूटीवरच्या मुलीने पाणी आणून ठेवलं. तेवढ्यात एक फोन आला आणि ती पाठ वळवून बोलायला बसली. आई रडता रडता थांबली आणि त्या मुलीचं बोलणं लक्ष देऊन ऐकू लागली. घरी जाताना रस्ताभर तिने थोरलीचा हात धरला नाही.

त्या संध्याकाळी थोरलीने साइटवरचं आपलं खातं बंद केलं. खातं बंद करण्याचं कारण विचारलं गेलं, ते तिने रिकामं सोडलं. नवा शेवट पुसून टाकला. जुनी पटकथा होती तशी झाली. ती वाचायला मागणारं जगात कुणी नव्हतं. धाकट्याला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो नुसता ‘हं, हं’ करत राहिला, फोन ठेवताना म्हणाला, “ताई, मी येऊन जातो पुढच्या आठवड्यात.”

सकाळी थोरली जागी झाली तेव्हा आई कपडे बदलून दाराजवळच्या खुर्चीत बसलेली होती. चेहऱ्यावर कालचं काही नव्हतं. थोरली दारातच थबकली. कालचं रडणं पुसलं गेलं होतं आणि तिने गुणांसाठी लिहिलेला शेवट तेवढा आईच्या मनात राहिला होता. खरं पुन्हा सांगायचं, तर रोज सांगावं लागलं असतं, आणि रोज तो माणूस आईच्या कानात नव्याने मेला असता.

“काल आला नाही तो,” आई म्हणाली.

थोरलीने चपला पायात सरकवल्या. “कामात असेल, आई.”

“असू दे. जिवंत माणसाला कामं असतातच.”

थोरलीने मान हलवली आणि दुकानाची किल्ली शोधायला आत गेली. किल्ली टेबलावर समोरच होती. तरी बराच वेळ ती आतच थांबली.