अत्यंत जास्त

भाद्रपद उतरणीला लागला होता. कृष्णेच्या वळणावर, नदीच्या गाळाने भरलेल्या, मळीच्या काळ्याभोर रानात, ऊन पिवळे झाले होते. आणि त्या उन्हाहून पिवळा होता ताग. छातीइतका उंच, हरितदंड, पीतपुष्प, वाऱ्याच्या एका फुंकरीत एका अंगावर झुकणारा, दुसऱ्या फुंकरीत पुन्हा ताठ होणारा. दोन एकर नुसते पिवळे डुलत होते.

त्या पिवळ्याला लागून हातभर रुंदीचा एक बांध होता. बांधापलीकडे ढेकळांचे उघडे रान पडले होते. आषाढाने त्याला झोडपले होते, श्रावणाने धुतले होते, भाद्रपदाने वरून खपलीसारखे वाळवले होते. त्या रानावर सावली धरणारे एक पानही नव्हते.

त्या उघड्या रानाचा धनी हिंदुराव जगदाळे बांधावर उभा राहून हसत होता. त्याचे हसणे मोठे होते; माणूस लहान होता.

काय सांगावी त्याची थोरवी! गोणीवीर, दाणेदारदाता, स्फुरदशूर हिंदुराव! मुळांना बळ देणारे ते स्फुरद, ज्याच्या खताला गावात ‘अठरा-सेहेचाळीस’ म्हणतात, ते हा माणूस मुठीने नव्हे, गोण्यांनी टाकी. शेजाऱ्याने दोन टाकल्या की हा चार टाकणार. शेजाऱ्याने चार टाकल्या की हा आठ. रिकाम्या गोण्यांची चळत त्याने अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी रचून ठेवली होती. रानात काय पिकले हे कुणी विचारण्याआधी रानात काय ओतले हे तो सांगून मोकळा होई.

बांधाअलीकडचा ताग मालनचा होता. मालन म्हणजे त्याचा थोरला भाऊ दिनकर याची बायको. दिनकर दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. मागे राहिली मालन आणि हे दोन एकर. तेराव्याचे जेवण उरकले त्या दिवसापासून तो हातभर बांध हिंदुरावाच्या डोळ्यांत सलत होता. बांध मोडावा, दोन्ही राने एक करावीत, वहिनीने घरी बसावे आणि आपण कसावे, एवढेच त्याच्या मनात होते. त्याला तो जबाबदारी म्हणे. लोभाला इतके साजरे नाव फक्त भावकीतच मिळते.

मालन हटली नाही. तेव्हा भावकीतले सर्वांत थोरले गणपाआण्णा यांनी निवाडा दिला. दोघांनी एकाच दिवशी, एकाच बेण्याचा ऊस लावायचा. पाण्याची पाळी एकच. येत्या वैशाखात भावकी दोन्ही राने बघेल. मालनचे रान उणे पडले तर बांध मोडायचा, आणि तिने त्या रानात पुन्हा कसायला पाऊल टाकायचे नाही. उणे पडले नाही तर हिंदुरावाने बांधाचा विषय जन्मात काढायचा नाही.

आणि या बाईने काय करावे? पावसाळाभर तिथे ताग वाढवला, आणि फुलावर आला तसा ट्रॅक्टर बोलावला.

रानाकडे येणाऱ्या पाणंदीच्या वाटेवर माणसे गोळा झाली. फुकटची करमणूक कोण सोडतो? उभे, फुललेले, डोलणारे पीक एक बाई नांगराखाली घालायला निघाली होती.

“वैनी,” हिंदुरावाने बांधावरून हाक दिली, “फुलाला आल्यालं पीक गाडाय लागलासा! येड लागलंय का काय?”

“त्येंनीच शिकवलंय, भावजी,” मालन म्हणाली. “फूल धरलं की गाडायचं. शेंग धरली की तागाचं ताट ताठरतंय, मग कुजत न्हाई.”

“गवात गाडून ऊस निगत असता तर कंपन्यांनी गवताच्याच गोण्या भरल्या असत्या की!”

पाणंद हसली. मालनने मान वळवली आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

मग पिवळे आडवे झाले. नांगराच्या फाळाने मातीचा एक तास उलटला, आणि फुले काळ्यात गेली. दुसरा तास उलटला, आणि पाने गेली. देठ मोडले, रस सांडला, गाठीगाठींची मुळे उघडी पडून पुन्हा झाकली गेली. बगळे फाळामागून चालत होते. दुपार कलायच्या आत त्या दोन एकरांत पिवळा ठिपका उरला नाही, आणि पाणंदीवरची माणसे पोट धरधरून हसून घरी जेवायला गेली.

आश्विनभर माती आत काम करत होती. ताग कुजला. त्याच्या आंबट रसाने चुन्यात अडकलेले जुने स्फुरद कणाकणाने मोकळे केले. बुरशीचे पांढरे, केसाहून बारीक धागे ढेकळांतून पसरले. गांडुळे आली, त्यांना आमंत्रण लागत नाही, जेवण लागते. पहाटे त्या रानाला ओल्या पाचोळ्याचा वास येई. हे सगळे पाहायला पाणंदीवर कुणी गोळा झाले नाही, कारण जमिनीखालच्या कामाला प्रेक्षक मिळत नाहीत.

दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ऊस लागला. मालनने दोन गोण्या सुपर फॉस्फेट शेणखतात मुरवून सरीला दिले आणि वर माती ओढली. पलीकडे हिंदुरावाच्या गोण्या फुटल्या. एकरी आठ! दाणे सरीत सळसळत पडत होते, आणि हा वीर मिशीवरून हात फिरवत होता. त्याच्या रानाला चुनखडी भरपूर होती. चुनखडीच्या हाती स्फुरद लागले की ती ते गच्च धरून बसते. निम्म्याहून अधिक दाणे तिथेच बांधले गेले, वर्षानुवर्षे बांधले गेले होते तसेच. हिंदुरावाला हे तीनदा सांगून झाले होते. तीनदा त्याने जांभई दिली होती.

पण पौषात दैव त्याच्यावर हसले. त्याचा ऊस उठला गडद, मांसल, निळसर हिरवा. मालनचा मात्र मागे, बुटका, शांत. येणारे जाणारे बांधाशी थबकत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत, आणि मालनकडे न बघता पुढे जात. एका संध्याकाळी ती बांधावर बसून रडली. ती घाबरली होती. या रानाच्या प्रत्येक सरीत तिचा नवरा वाकून गेला होता. हे रान गेले असते तर तो दुसऱ्यांदा गेला असता. एवढे सोपे, एवढे मोठे तिचे दुःख होते, आणि बांधापलीकडून ट्रान्झिस्टरवर गाणी वाजत होती.

माघात माती तपासणीच्या आरोग्य पत्रिका आल्या. मालनने आपला नमुना स्वतः काढला होता, रानातून नागमोडी चालत, आठ ठिकाणी खड्डे घेऊन, सगळी माती एका फडक्यावर कालवून. हिंदुरावाने गड्याला सांगून बादलीभर माती पाठवून दिली होती. पत्रिका घेऊन कृषी सहायक बाई त्याच्या ओसरीवर आल्या.

त्याच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्बापुढे ‘अत्यंत कमी’ होते. जस्तापुढे ‘कमी’. लोहापुढे ‘कमी’. आणि स्फुरदापुढे, ठळक, काळ्या, सरकारी अक्षरांत, ‘अत्यंत जास्त’.

हिंदुरावाच्या डोळ्यांना तेवढेच दिसले. अत्यंत! जास्त! सबंध आयुष्यात त्या माणसाला कुठल्याही कागदाने अत्यंत काही म्हटले नव्हते.

“काका, हे चांगलं नाहीये,” बाई म्हणाल्या. “रानात स्फुरद भरून वाहतंय. त्याच्या गर्दीत लोह, जस्त पिकाला मिळत नाही. यंदा स्फुरद पूर्ण बंद ठेवा, आणि तागासारखं काहीतरी गाडा.”

“म्याडम, पोराला शंभरापैकी शंभर पडल्यावर त्येची शाळा बंद करत्यात व्हय?”

बाईंनी पुन्हा समजावले. त्याने चहा मागवला. बाईंनी आकडे दाखवले. त्याने मालनच्या पत्रिकेत डोकावून घेतले. तिथे स्फुरद मध्यम होते, कर्ब मध्यम होता, सगळे मध्यम होते.

“आमची वैनी काठावर पास!” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन त्याने आपली पत्रिका चौकटीत बसवून आणली. ती ओसरीत, देवांच्या तसबिरींच्या ओळीत लागली. तिला झेंडूचा हार पडला. दूध घालायला जाणाऱ्याला हात धरधरून तो आत नेई, बोट ठेवून वाचून दाखवी, आणि ते शहाणेही माना डोलावून कौतुक करीत. मूर्खपणा एकट्याने पेलत नाही. त्याला गाव लागते.

फाल्गुन सरला, आणि त्या निळसर हिरव्यावर फिकी छटा आली. आधी शेंड्याच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पोंग्यात, मग वरच्या पानांत. शिरा हिरव्या राहिल्या, शिरांमधला जीव उडाला. मग शिराही उडाल्या. पाने पिवळी झाली, पांढुरकी झाली, कागदासारखी झाली. ऊसवाले याला केवडा म्हणतात. रक्त आटलेल्या पिकाला इतके सुगंधी नाव कुणी दिले कोण जाणे. अन्नाच्या ढिगाऱ्यात बसून ते रान उपाशी मरत होते.

हिंदुरावाने ते पाहिले, आणि त्याच्या डोक्यात जो एकच विचार कायमचा मुक्कामाला होता तो उठून बसला. रान मागतंय! त्याने आणखी चार गोण्या फोडल्या. चैत्रात केवडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचला.

मालनच्या रानात तोवर आतले काम वर आले होते. उसाच्या बुटक्या बेटांना फुटवे फुटले, फुटव्यांना कांड्या सुटल्या. रुंद, हिरवी, करकरीत पाने वाऱ्यावर घासत होती. ती रोज मोजत नसे, फक्त हात फिरवून जाई. अजून तिला धीर नव्हता.

वैशाखात भावकी आली. गणपाआण्णा हातात पहार घेऊन आले. रक्तातल्या साखरेने त्यांची नजर गेली होती. उजेड अंधार तेवढा कळे. पाण्याची पाळी होऊन आठ दिवस झाले होते, दोन्हीकडे सारखीच.

“उसाचं तुमी बगा,” आण्णा म्हणाले. “रानाचं मी बगतो.”

आधी ते हिंदुरावाच्या सरीत उभे राहिले. पहार कमरेइतकी उचलली आणि सोडली. ठण्ण! लोखंड दगडावर पडावे तसा आवाज झाला. पहार बोटभर रुतली, डुलली आणि आडवी पडली. आण्णांनी दुसरीकडे सोडली, तिसरीकडे सोडली. तिन्हीकडे ती आडवी पडली.

बांध ओलांडताना मालनने त्यांचा हात धरला. तिचा हात थंड होता. आण्णांनी पहार उचलली आणि सोडली. आवाज आला नाही. पहार गेली, जात राहिली, कोपरभर आत जाऊन उभी राहिली. आण्णांनी ती ओढून काढली, टोकाची ओली माती चिमटीत घेतली आणि नाकाशी नेली.

“दिनकरच्या रानाचा वास हाय,” ते म्हणाले.

मालनने पदर तोंडात धरला. तरी हुंदका फुटलाच.

तेव्हा हिंदुरावाने काय करावे? त्याने चौकट आणली होती. हारासकट! काखेतून काढून त्याने ती भावकीपुढे धरली, पिवळ्या उसाच्या पुढे पिवळा हार.

“पहारीचं काय घिऊन बसलायसा, आण्णा! ह्यो सरकारी कागद हाय. तिचं मध्यम. माजं अत्यंत जास्त!”

“काय अत्यंत जास्त?”

“स्फुरद.”

आण्णांनी चौकट चाचपली. बोटांना झेंडूच्या पाकळ्या लागल्या.

“हिंदुराव, माजी साखर तीनशेच्या वर गेली तवा डाक्टरनं बी असंच लिवलं हुतं. अत्यंत जास्त. माज्या पोरांनी रिपोर्टाला हार न्हाई घातला, बाबा.”

आधी एक जण हसला. मग भावकी हसली, मग पाणंद हसली. भाद्रपदात जी तोंडे मालनला हसली होती तीच, तितक्याच मोकळेपणाने. त्यांचे हसणे कुणाचेच नसते. हिंदुराव चौकट उलटी धरून उभा राहिला. बांध राहिला. रान मालनचे राहिले.

सगळे पांगल्यावर तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. तागाचे बी होते, राखलेले, काळपट चकचकीत.

“भावजी, मिरगात पेरा. रान मरत न्हाई अजून.”

द्यायला नको होते तिने. अशा हातावर बी ठेवू नये. पण तिला ते रानही दिनकरच्याच बापाचे वाटत होते. हिंदुरावाने तिच्या डोळ्यांत पाहिले नाही. पुरचुंडी झटकून त्याने बी आपल्याच कडेच्या सरीत भिरकावले आणि तो चालू लागला. घरी गेल्यावर त्याने चौकट पुन्हा खिळ्याला अडकवली.

बी रुसत नाही. आषाढात ते उगवले, मूठभर, बांधालगत, तिरस्काराने जिथे जिथे फेकले होते तिथे तिथे. भाद्रपदात फुलले. त्या खुरट्या, फिक्या, मलूल उसाच्या बुडाशी तेवढेच काय ते जिवंत होते. हिंदुरावाच्या नजरेला ते पडले, आणि त्याने स्वतः वाकून, स्वतःच्या हाताने, तागाचे एकेक ताट मुळासकट उपटून बांधापलीकडे फेकले.

मालन पलीकडे पाला काढत होती. तिने वर पाहिले. फुललेली ताटे तिने गोळा केली, आपल्या उसाच्या बुडाशी एकेक निजवली आणि पायाने हलकी माती ओढली. एक फूल वर राहिले होते. तिने त्यावर टाच ठेवली, आणि पिवळे काळ्यात गेले.