न विचारलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे आणि माझी गोष्ट मी मान खाली घालूनच सांगणार आहे. आमच्या गावात मला स्कूटर म्हणतात, पण तुमच्या रस्त्यावरच्या स्कूटरशी माझे काही नाते नाही. पुढे वळण्यासाठी दोन पट्ट्या, खाली बर्फ मागे सारणारा रुंद रबरी पट्टा आणि पोटात दोन सिलिंडरांचे इंजिन, एवढाच माझा संसार. एके काळी माझा रंग तांबडा होता. आता तो कसला आहे हे मलाही नीट सांगता येणार नाही.

कारखान्यातून निघून मी गावच्या दुकानात आले, तेव्हा काचेआड मोठ्या दिमाखात उभी होते. आस्लात नावाच्या रेनडिअर पाळणाऱ्याने मला घेतले. तो साठीचा, बोलायला गोड आणि कामाला वाघ होता. पठारावर त्याचा कळप पांगला की तो वळवायचा, कुंपणाचे खांब ओढायचे, लाकडे वाहायची, हे सारे माझ्याकडे. "कुठे अडून बसत नाही ही," असे तो चारचौघांत सांगे आणि मी फुगून जाई.

त्याचे एक वाईट होते. मला उभ्या उभ्या जरा गरम होऊ द्यावे, हे त्याने कधी केले नाही. दोरी ओढली की मागे भरलेली घसरगाडी जोडून सुसाट. झोपेतून उठल्या उठल्या पाठीवर पोते द्यावे तसे. थंड पिस्टन सिलिंडरला घासत. कुरकुर करायची ती मी तेव्हाच करायला हवी होती. पण कौतुकाची चटक लागली होती ना.

पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी माझ्या मीटरची तार तुटली. "वेग कळायला मला डोळे आहेत की," असे म्हणून त्याने ती तशीच ठेवली. पुढचे तीन हिवाळे मी धावत राहिले आणि मीटरमधला किलोमीटरांचा आकडा जागच्या जागी बसून राहिला. पाचव्या हिवाळ्यात त्याने नवी तार बसवली, चार दिवस मला फिरवले आणि दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली : स्कूटर विकणे आहे.

चिठ्ठी वाचून गारेन आली. तिचा नवरा जाऊन तीन वर्षे झाली होती. तिच्या कळपावर दिराचा, मात्तेचा डोळा होता. शरदात जनावरे मोजून वेगळी करायच्या कुंपणाजवळ सगळी घरे जमली असताना मात्ते म्हणाला होता, "वहिनी, या वसंतात कळप एकटीने समुद्रकिनाऱ्यावर नेऊन दाखव. जमलं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही जमलं तर तुझी जनावरं माझ्या कळपात." गारेनने सगळ्यांदेखत "बरं" म्हटले होते. आणि जानेवारीत तिची स्कूटर कायमची बसली.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. कुणाची रेनडिअर किती आहेत, हे विचारायचे नाही. विचारणाऱ्याकडे लोक असे बघतात, जणू त्याने दुसऱ्याच्या खिशात हात घातला. जनावरे मोजणारा मोजतो, पण आकडा ज्याचा त्याच्यापाशी राहतो.

त्या दिवशी सकाळी आस्लातने मला कोठारामागे वीस मिनिटे सुरू ठेवले. मग ऊब टिकावी म्हणून बोनेटवर दोन कातडी पांघरली. चार हिवाळ्यांत त्याने मला नीट गरम केले ते या एकाच दिवशी, विकण्यासाठी. गारेन वळणावर दिसताच कातडी उचलली गेली.

कॉफी झाली. मग गारेनने हातमोजा काढून माझ्या बोनेटवर तळवा ठेवला.

"गरम आहे, काका."

"सकाळी लाकडं आणली, पोरी."

तिने मीटर बघितले. "पाचच हजार किलोमीटर?"

"मीटर दाखवतं ते दाखवतं."

"हँडलचं रबर मात्र पार गुळगुळीत झालंय."

"माझे हात कसे आहेत बघितलेस ना? कानशीच म्हण."

गारेन हसली, पण तिची नजर काही माझ्यावरून हटेना. ती हुशार बाई. कळप केवढा हे कळले असते, तर मी किती धावले असेन हे तिने बोटांवर काढले असते. ती अडखळत म्हणाली, "तुमच्या कळपामागे ही एकटीच होती का?"

आस्लातने कप खाली ठेवला. "म्हणजे माझा कळप किती, असं विचारतेस?"

गारेन कानापर्यंत लाल झाली. "नाही हो काका. तसं कुठं."

"तुझ्या नवऱ्यानं नसतं विचारलं."

झाले. त्यानंतर तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या खिशात दाब मोजण्याचे यंत्र होते, गॅरेजवाल्याकडून मुद्दाम मागून आणलेले. ते माझ्या झिजलेल्या सिलिंडरला लावले असते, तर दोन मिनिटांत माझे बिंग फुटले असते. पण आता ते बाहेर काढणे म्हणजे वडीलधाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणे. तिचा हात खिशातच राहिला. तिने नुसती माझी दोरी ओढली.

मित्रांनो, कोठारामागे माझ्याआधीच्या दोन स्कूटर गंजत पडल्या होत्या. मला त्यांच्याशेजारी जायचे नव्हते. अंगात आयती ऊब होती. मी पहिल्याच ओढीला सुरू झाले, तेही असे गोड गुरगुरत की स्वतःचीच मला आज किळस येते. गारेन म्हणाली, "शहाणी आहे की," आणि तिने मला घेतले.

पहिल्याच गार सकाळी तिने बारा वेळा दोरी ओढली तेव्हा मी उठले. तिला कळायचे ते कळले असावे. पण वसंत तोंडावर आला होता आणि दुसरी स्कूटर घेण्याची तिची ऐपत नव्हती. ती रोज मला आधी गरम होऊ देई, तेल बघे, पट्ट्यात अडकलेला बर्फ काढी. एवढी माया मला कधी मिळाली नव्हती, आणि ती मिळत होती लबाडीने.

एप्रिलच्या शेवटी आम्ही निघालो. पुढे घंटा बांधलेली म्हातारी मादी, मागे गाभण माद्यांची लांब रांग, शेवटी गारेन, तिचा कुत्रा आणि मी. किनाऱ्याआधी एक नदी होती. तिच्यावरचा बर्फ फुटण्यापूर्वी पलीकडे जायचे होते. दोन दिवस मी कशीबशी धावले. तिसऱ्या दिवशी ऊन चढले, बर्फ ओला आणि जड झाला, आणि एका चढावर माझ्या पोटात कर्रकन आवाज होऊन सारे थांबले. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. गारेनने दोरी ओढून पाहिली. दोरी हललीच नाही.

रेनडिअर कुणासाठी थांबत नाहीत. कळप पांगू लागला. गारेनने आस्लातला फोन लावला, कारण तोच सर्वांत जवळ होता. त्याचा कळप वरच्या वाटेने आधीच पार झाला होता आणि तो राहिलेले तंबू न्यायला परतला होता. मग कुत्र्याला घेऊन ती स्कीवर कळपामागे धावली. दुपारी ती दमून माझ्यापाशी आली, धुराचा पाइप सोडवून तिने आत बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिली.

आस्लात पोचला तेव्हा ती त्याला म्हणाली, "काका, पिस्टनवर ओरखडे आहेत. आजचे नाहीत, जुने आहेत."

आस्लातने टोपी काढली. मग खालच्या आवाजात त्याने आपल्या कळपाचा आकडा सांगितला. "चार हिवाळे," तो म्हणाला, "आणि त्या सगळ्यांमागे ही एकटी."

गारेनने तोंड फिरवले, म्हातारा उघडा होऊन समोर उभा राहिल्यासारखे. "मी विचारलं नव्हतं."

"तू विचारणार नाहीस हे मला माहीत होतं. म्हणून तर."

त्याने आपली नवी स्कूटर तिला दिली. ती गेली, पण उशीर झाला होता. पुढचे मी नंतर ऐकले. अर्धी जनावरे नदीपार झाली, अर्धी अलीकडे राहिली, आणि दुसऱ्या दिवशी बर्फ फुटला. अलीकडच्या माद्या ओल्या बर्फातच व्यायल्या. बरीच पिल्ले उभीच राहिली नाहीत.

उन्हाळ्यात गारेनने स्वतः माझे इंजिन उघडले. नवे पिस्टन घातले, सिलिंडर घासून घेतले. एकदाही मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे वाटले असते.

नोव्हेंबरमध्ये कुंपणाजवळ पुन्हा सगळी घरे जमली. गारेन माझ्यावरच बसून आली. मात्ते तिला सर्वांसमोर म्हणाला, "एकटीनं नेईन म्हणाली होतीस, वहिनी."

"स्कूटर बसली, भाऊजी."

"स्कूटर सगळ्यांच्याच बसतात."

गारेनने आस्लातकडे पाहिले. तो शेकोटीपाशी मांस कापत होता. त्याने खरे बोलायचे ठरवले असते, तर त्याला आकडा सांगावा लागला असता, आता साऱ्या गावासमोर. गारेन स्वतः तो सांगू शकत होती, पण विश्वासाने सांगितलेला दुसऱ्याचा आकडा ती कधीच उघड करणार नव्हती. सगळे वाट बघत राहिले. आस्लातने सुरी पुसली आणि म्हणाला, "जुनी गाडी. तिचा काय भरवसा."

गारेनने स्वतः जाऊन फाटक उघडले आणि आपली जनावरे एकेक करून मात्तेच्या आवारात सोडली. शेवटची आत गेल्यावर फाटकही तिनेच लावले.

मित्रांनो, जुने यंत्र घ्यायला जाल तेव्हा ते थंड असताना सुरू करून बघा, आत डोकावा, आणि भीड आड आली तरी विचारा. तुमच्याकडे असलेल्या यंत्राला कामाआधी दोन मिनिटे उसंत द्या. आणि कधी विकायला निघालात, तर समोरचा विचारत नाही म्हणून गप्प राहू नका. आस्लातला मी नावे ठेवत नाही, माझा तो अधिकार नाही. मला तोंड नाही, असे म्हणून मी पुष्कळदा सुटू पाहते. पण त्या दिवशी खरे सांगायला तोंड लागत नव्हते. नुसते सुरू न होणे पुरेसे होते.