वेल्डिंग लाइन, एक कमी

मोशीतल्या त्या दोन खोल्यांत ऊन आधी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर उतरायचे, मग खिडकीच्या ग्रिलवर, आणि तिथून ओट्याच्या कडेवर. तिथे पिवळसर, कोमट होऊन ते बराच वेळ रेंगाळायचे. पिठाच्या डब्याची एक बाजू उजळायची, दुसरी सावलीतच राहायची. ज्योतीराम हे रोज पाहत असे, कारण गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे तासभर काही खायचे नाही, असा नियम होता. सात वर्षे त्या गोळीने त्याचा रक्ताचा कर्करोग दाबून ठेवला होता.

"पोटरीचं गुरुवारी डॉक्टरीणबाईला सांगणार का न्हाई?" भाकरी थापताना त्याच्या बायकोने, स्वरूपाने विचारले.

"बुटाचं हाय ते."

"बूट दोनदा बदलले. आता पायच बदलायचा राहिलाय."

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन विचारले होते. ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यावर काहींच्या पायांतल्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. चालताना पोटऱ्या भरून येतात का? तो नाही म्हणाला होता. हो म्हटले तर गोळी बंद होईल आणि आजार परतेल, याचीच त्याला धास्ती होती.

चाकणच्या कारखान्यात तो वेल्डिंग लाइनचा लीडर होता. त्या दिवशी दहाला आगीच्या सरावाचा भोंगा झाला. लीडरने सर्वांना बाहेर काढून शेवटी निघायचे आणि मैदानात माणसे मोजून सांगायची, अशी रीत होती. निम्म्या वाटेत त्याची पोटरी शिकंज्यात धरल्यासारखी आवळली. एका ट्रॉलीला टेकून त्याने नेहमीप्रमाणे बोलत असल्याचा बहाणा करत फोन कानाला लावला.

मैदानात सेफ्टीच्या मिनल मॅडम ओरडल्या, "वेल्डिंग लाइन, एक कमी!"

"मॅडम, मोजणाराच हरवलाय," त्याच्या लाइनवरचा निरंजन म्हणाला. "आम्ही वाचलो, लीडर भाजला!"

हशा पिकला. पण मोजणी जुळेपर्यंत कुणी हलायचे नव्हते. चारशे माणसे उन्हात तिष्ठत राहिली. नियमाप्रमाणे स्ट्रेचर निघाले. निरंजन पुढे धावत आला.

"राव, वहिनींना म्हणावं, नंतर बोला!"

मग त्याला फोनचा काळा पडदा दिसला. तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "भावा, काय होतंय?"

"काही न्हाई. तू हो पुढं."

ज्योतीराम निघाला. बारा पावलांवर पुन्हा थांबला. स्ट्रेचर शेजारी येऊन टेकले. स्ट्रेचरमागून आलेल्या मॅडम कागद घेऊन उभ्या होत्या. उशिराचे कारण लिहायचे होते.

"काय लिहू, ज्योतीराम?"

त्याने मैदानाकडे पाहिले. ते फार लांब नव्हते.

"लिहा," तो म्हणाला, "शंभर पावलं बी चालवत न्हाई मला."