मागच्या बाजूचा पत्रा

"आणि मागच्या बाजूला पत्रा किती बाहेर काढू?" शेडवाल्याने जमिनीवर खडूची रेघ ओढता ओढता विचारलं.

धाकट्या भावाने खिशातून मोबाइल काढला. त्यात काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत तो उभा राहिला. दादा मात्र कान टवकारून होता. सकाळपासून तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

पुढच्या बाजूचं ठरताना केवढी चर्चा झाली होती! दारावर चांगला सहा फूट पत्रा बाहेर, तो खालून पांढऱ्या पट्ट्यांनी बंद केलेला, त्यात दिवे, कडेला पन्हळ. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर एक थेंब पडायला नको. दोन्ही अंगांना दीड-दीड फूट, भिंतीवर पाऊस मारू नये म्हणून. धाकट्याची जीभ नुसती सुटली होती. मागच्या बाजूचं निघालं आणि तिला कुलूप लागलं.

"छपराचं लोखंड आज कापायचंय," शेडवाला म्हणाला. "एकदा कापलं की वाढत नाही. नंतर जोड देऊन पत्रा पुढे काढाल, तर वारा खालून शिरेल आणि सगळाच उचलून नेईल. म्हणून काय ते आत्ताच सांगा."

"मागे काही नको," धाकटा मोबाइलकडे बघतच म्हणाला. "भिंतीबरोबर संपवा."

झालं. आता यात रागवण्यासारखं काय, असं परक्या माणसाला वाटेल. पण या लाकूडकामाच्या कारखान्यात रंधा धाकट्याचा आणि पॉलिश दादाचं, ही वाटणी वडिलांच्या वेळेपासूनची. पॉलिश आत करता येत नाही. पॉलिशच्या ओल्या लाखेवर भुसा बसला की केलेलं सगळं मातीत. म्हणून आता पाडायच्या जुन्या शेडच्या मागे, बाहेर काढलेल्या पत्र्याखाली, उन्हाची तिरीप येत नाही अशा वळचणीला दादाने जन्म काढला. दोन लाकडी घोड्या, त्यांवर आडवं टाकलेलं दाराचं पान, स्पिरिटची बाटली, कापसाचा बोळा आणि दादा. नव्या शेडला मागे पत्रा नाही, म्हणजे तिथे दादा नाही. एवढा हिशेब शेंबड्या पोरालाही कळला असता.

"का रे?" दादाने विचारलं. त्याच्या मनात होता त्यापेक्षा आवाज वर गेला.

"मागे मोकळं मैदान आहे. वारा थेट येतो. यांनीच सांगितलं."

"वारा आहे, ते बरोबर," शेडवाला म्हणाला. "पण चार फूट काढून खालून तिरके टेकू दिले तर काही होत नाही. मी दोन्ही सांगितलं होतं." आपण भलत्या वेळी खरं बोललो हे लक्षात येताच तो उगाचच टेप गुंडाळायला लागला.

दादा धाकट्याच्या समोर जाऊन उभा राहिला. "गिऱ्हाइकाला सहा फूट सावली. भिंतीलासुद्धा दीड फूट. आणि मी कुठे बसू?"

"दादा, पॉलिश आता बाहेरून मशिनवर करून मिळतं. लोकं तेच मागतात."

"लोकं मागतात, की तू?"

"मी," धाकटा म्हणाला. इतक्या वेळात त्याने पहिल्यांदा मान वर केली. "हो, मीच. तू मागे खोकायला लागलास की मी आत करवत चालू करतो. लाकूड नसलं तरी. मला ऐकवत नाही, दादा. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय, स्पिरिटचा वाससुद्धा नको. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली उघडून बसलास."

रिकामी करवत कधीकधी का ओरडते, हे दादाला आज कळलं. मशिन बिघडलं असेल, असं तो इतके दिवस समजत होता. कळलं तरी राग उतरेना, उलट जास्तच भडकला.

"मग हे तोंडाने सांगायचं होतंस. शेडवाल्याच्या खांद्यावर बंदूक कशाला ठेवलीस?"

"तोंडाने सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण तू मला विचारलं असतंस."

धाकट्याने मोबाइल खिशात टाकला. शेडवाला खडू हातात धरून भलतीकडेच बघत होता. दोन भावांच्या मध्ये सापडलेल्या माणसाने करावं तरी काय?

"बरं," शेवटी धाकटा म्हणाला. "तुझी जागा आहे, तूच सांग. चार फूट म्हण, सहा म्हण. तू म्हणशील तेवढा काढू."

दादा वळून जुन्या शेडच्या मागे गेला. दाराचं एक पान अर्धं पॉलिश होऊन घोड्यांवर पडलं होतं. त्याने बोळा भिजवला, पानावर टेकवला आणि गोल गोल फिरवायला लागला. लाखेचं एक दुखणं असतं: बोळा एकदा टेकला की थांबायचं नाही. थांबला की चिकटतो, आणि सगळ्या पानाला डाग पडतो. धाकटा मागोमाग आला आणि बाजूला उभा राहिला.

दोन फेऱ्या झाल्या असतील नसतील, खोकल्याची उबळ आली. दादाने तोंड खांद्यात खुपसलं. हात फिरतच होता, पण घेर वाकडा व्हायला लागला. डोळ्यांत पाणी आलं, श्वास कुठे सापडेना. आता हात थांबणार, असं वाटत असतानाच धाकट्याचा तळवा त्याच्या हातावर येऊन बसला. दोन्ही हात एकत्र फिरायला लागले. दादाने हळूच आपला हात खालून काढून घेतला. बोळा थांबला नाही.

दादा बाकावर टेकला. श्वास परत यायला बराच वेळ लागला. मग तो उठला आणि शेडवाल्याकडे गेला.

"मागे भिंतीबरोबर संपवा," तो म्हणाला.

"नक्की ना, काका? आता कापणार मी."

"नक्की."

"दादा, थांब," मागून धाकटा म्हणाला. "असं नको. मी आलो." पण त्याला येता येईना. बोळा थांबवायचा नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पानावरून तो उचलायचा कसा, ते कधी शिकायची वेळच आली नव्हती. तो फिरवत राहिला.

"घाई करू नकोस," दादा पाठमोराच म्हणाला. "कडेला येऊ दे. मी सांगतो कसा काढायचा."