चवताईची खुर्ची

पानगळ सुरू झाली की मोठ्या मैदानात तीन दिवसांचा महोत्सव भरायचा. एका अंगाला खाण्याचे मंडप, दुसऱ्या अंगाला दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली चित्रं, आणि मधे लाकडी फळ्यांचा मंच, त्यावर सकाळपासून कोणी ना कोणी वाजवत बसलेलं. दुसऱ्या दिवशी गोड पदार्थांच्या मंडपात लांबलचक टेबलामागे एक वेताची खुर्ची मांडली जायची, ती परीक्षकाची. बावीस वर्षं त्या खुर्चीत एकच बाई बसत आली होती. सगळे तिला चवताई म्हणत. खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं होतं.

बिस्किटांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं चव बघायचं काम केलं. दर तासाला भट्टीतून ट्रे यायचा. त्यातलं एक बिस्किट उचलायचं, मोडायचं, जिभेवर ठेवायचं आणि वहीत एकच शब्द लिहायचा. शेजारपाजारचे थट्टा करायचे, "बाई, तुझं बरं आहे, खायचा पगार मिळतो!" तीही हसायची. पण लोण्याला किंचित वास येतोय एवढं म्हणून तिने एकदा अख्खी पाळी थांबवली होती, आणि गोदामातलं लोणी उघडून बघितल्यावर ते खरंच खवट निघालं होतं. त्यानंतर तिच्या जिभेवर शंका घ्यायला कोणी धजावलं नाही.

तर या चवताईला यंदा चवच कळत नव्हती.

उन्हाळ्यात ताप आला, आठ दिवसांनी गेला, आणि जाताना नाकातला वास नि जिभेवरची चव सोबत घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी येईल ते सांगता येत नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी आणि पाव म्हणजे भिजलेला पुठ्ठा, अशी गत झाली. सकाळी देवापुढे बसल्यावर हात आपोआप जोडले जायचे, पण चव परत दे म्हणायला तिचं मन धजायचं नाही. इतकी वर्षं न मागता मिळालं, त्याचा कधी हिशोब दिला नाही, आणि आता मागायला बसायचं?

हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती. आणि खुर्ची गेली असती तर महोत्सवात जायला तिला कारणच उरलं नसतं, कारण जिच्यासोबत ती जायची ती शिवणवाली थंडीतच गेली होती.

शिवणवाली म्हणजे तिची मैत्रीण. पडदे, झगे, गणवेश, जे येईल ते शिवणारी. दरवर्षी ती स्पर्धेला सफरचंदाचा ‘पाय’, म्हणजे मैद्याच्या कवचात फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, ठेवायची, आणि बावीस वर्षांत तिचा पहिला नंबर आला तो फक्त चारदा.

"मेले, घरी येऊन दोन-दोन तुकडे हाणतेस, आणि तिथे मला तिसरा नंबर?" निकाल लागला की ती भांडायची.

"घरी मी तुझी मैत्रीण असते. तिथे नसते."

"मग तिथून आलीस की तासभर माझ्याशी बोलू नकोस!"

तासभर कसला, पाच मिनिटांत दोघी भाजलेल्या कणसांच्या गाडीशी उभ्या असायच्या. मग चित्रांच्या दोरीखालून एक फेरी व्हायची. शिवणवालीला दरवर्षी एखादं तरी चित्र वीज कार्यालयातल्या साहेबांसारखं दिसायचंच, मग ते घोड्याचं का असेना. शेवटी मंचासमोरच्या गवतावर पाय पसरून बसायचं. बँडवाल्यांचं चुकलं की ती कोपराने ढोसायची, "टाका निसटला बघ." शिलाईतला शब्द ती सगळीकडे चालवायची.

यंदा चवताई एकटीच मैदानात आली. खुर्चीत बसली, शाल सारखी केली, चष्म्याची डबी टेबलावर ठेवली. समोर अकरा पाय, प्रत्येकावर नुसता नंबर, नाव नाही. आज कसं निभवायचं ते तिने मनाशी पक्कं केलं होतं. डोळे होते, कान होते, बोटं होती. बूड फिकं असलं की कच्चं, सुरी घातल्यावर कवच कुरकुरलं की लोणी थंड होतं, रस पाण्यासारखा वाहिला की फळं नीट निथळली नव्हती. एकतीस वर्षांत जिभेने जे शिकवलं ते आता डोळ्या-कानांनी आणि बोटांनी सांभाळून घ्यावं, एवढंच.

सहापर्यंत निभलं. सातवा पाय पुढे आला आणि तिचा हात थबकला.

त्याच्या काठाची मुरड शिवणवालीची होती. बारीक, सारख्या अंतराच्या चुण्या, आणि जिथे गोल पुरा होतो तिथली शेवटची चुणी उलटी दुमडलेली. दोरा सुटू नये म्हणून शिवणीच्या शेवटी उलटा टाका घालतात ना, अगदी तसा. असा काठ दुसरं कोणी करत नसे.

चवताईने तुकडा तोंडात ठेवला. आणि चव आली. आधी आंबट, मग गोड, मग पार शेवटी दालचिनीची चुरचुर. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातलं तेलकट दिव्याखालचं टेबल, मशीनवर अर्धा राहिलेला झगा, पिठाच्या हातांनी मागे सारलेले केस, सगळं त्या घासातून वर आलं. तिने कागदावर सातच्या पुढे एक लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

मग तिने आठव्याचा तुकडा घेतला. भिजलेला पुठ्ठा. नववा, दहावा, अकरावा, तोच पुठ्ठा.

तेव्हा तिला कळलं की चव आलेली नव्हती, आठवण आली होती. सातपुढचा एक खोडायला तिने पेन्सिल उचलली. एवढ्यात चिटणीस आले. त्यांचा छापखाना होता आणि महोत्सवाचं सगळं तेच बघत.

"आवरा ताई, बँडवाले दोन गाण्यांत उरकतायत. द्या इकडे."

कागद एका टोकाला त्यांच्या हातात, दुसऱ्या टोकाला तिच्या. क्षणभर ताणला गेला. मग तिने सोडला.

पहिल्या नंबराचा पाय तिथेच कापून सगळ्यांना वाटायचा, अशी महोत्सवाची रीत होती. सात नंबर पुकारल्यावर गर्दीतून एक चाळिशीचा माणूस पुढे आला. शर्ट कडक इस्त्रीचा, नखांत काळं वंगण. शिवणवालीचा मुलगा. बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. लहानपणी जे दिसेल ते ठोकून बघायचा, म्हणून आईने नाव ठेवलं होतं ठोक्या.

"मावशी!" एवढंच म्हणून तो हसला. अगदी आईसारखंच, तोंडावर पालथी मूठ धरून.

पाय कापला, तुकडे फिरले. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी घास घेतला, चघळला, थांबल्या.

"काय रे बाळा, साखर घरीच विसरलास होय?"

शेजारचे हसले. मग त्यांनीही तोंडात टाकला, आणि त्यांची तोंडं आंबट झाली. ठोक्याने स्वतः एक तुकडा उचलला. त्याचा चेहरा उतरला.

"पण मी कागदावरूनच केलंय," तो म्हणाला आणि खिशातून घडी काढली. "एकूण एक ओळ. काल चारदा वाचला."

चवताईने चष्मा लावला. अक्षर मैत्रिणीचं होतं. मैदा, लोणी, सहा सफरचंदं, अर्धं लिंबू, दालचिनी, चिमूटभर मीठ, भट्टी किती तापवायची आणि काठाची शेवटची चुणी कशी उलटी दुमडायची तेही. साखरेची ओळ नव्हतीच. कशी असणार? शिवणवाली दरवर्षी आधी एक सफरचंद कापून खायची आणि मगच साखरेला हात लावायची. फळ न चाखता साखर सांगणं म्हणजे माप न घेता झगा बेतणं, असं तिचं म्हणणं. आणि हा पडला फिटर. नकाशात नाही तो खिळा मारायचा नाही, हेच आयुष्यभर शिकलेला.

"मावशी," ठोक्या हळू आवाजात म्हणाला, "मग तुम्ही पहिला नंबर कसा दिलात?"

चिटणीस तिच्या कानाशी वाकले. "ताई, नंबरांच्या चिठ्ठ्या लावण्यात आमची चूक झाली म्हणून सांगतो माइकवरून. तुम्ही काही बोलू नका."

सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"आई गेली म्हणून दिलात ना?" ठोक्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तिला नसतं चाललं, मावशी. तिसरा आला तरी ती घरी येऊन तुमचंच कौतुक करायची. म्हणायची, त्या खुर्चीत बसली की ती माझीसुद्धा नसते."

चवताई उभी राहिली.

"चिठ्ठ्या बरोबर आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक, पण बँड थांबलेला होता. "चूक माझी आहे. उन्हाळ्यातल्या तापापासून मला चव कळत नाही. हा काठ बघितला आणि याच्या आईच्या हातची चव आठवली, ती खरी धरून बसले. पुढच्याच घासाला समजलं, तरी कागद सोडला. खुर्ची सुटत नव्हती म्हणून."

दुसरा नंबर आलेली बाई म्हणाली, "अहो, म्हणजे आमच्यातलंही काहीच कळलं नाही तुम्हाला?"

"नाही, बाई. माफ करा."

तिने शाल घेतली, डबी घेतली. चिटणीसांनी गर्दीतल्या तिघांना पुढे बोलावलं, पुन्हा अकरा तुकडे कापायला लावले. आजीबाई सगळ्यांत आधी खुर्चीत जाऊन बसल्या. चवताईला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. खूप दिवस घातलेली घट्ट चप्पल काढल्यासारखं झालं.

ती मंडपाबाहेर आली तर मागून धापा टाकत ठोक्या.

"थांबा ना मावशी. मला एक सांगा, ती किती घालायची?"

"काय?"

"साखर हो."

"ते फळावर होतं रे. दरवर्षी वेगळं."

"मग यंदा किती?"

समोरच फळवालीची पाटी होती. कालची सफरचंदं त्याने इथूनच घेतली होती. चवताईने त्यातलं एक निवडून त्याच्या हातात दिलं. "खा. माझी जीभ गेली, तुझी आहे ना? आंबट कुठे लागतं ते सांग."

तो विचार करत चावला. "कुठे म्हणजे? तोंडात."

"अरे ठोंब्या, तोंडात कुठे? जिभेच्या टोकाला की कानाखाली?"

त्याने दुसरा घास घेतला. डोळे मिटले. मंचावर नवा ताफा वाद्यं लावत होता, कोणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा घासून बघत होतं.

"इथे," त्याने जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "चमकल्यासारखं होतं. मग जातं."

"लगेच जातं की रेंगाळतं?"

"रेंगाळतं जरा."

चवताई ऐकत राहिली. त्या टेबलाशी कितीदा तरी मैत्रीण असंच बोट ठेवून उभी राहायची आणि मग डब्यात हात घालायची. किती वेळा, तेही तिला लख्ख दिसत होतं.

"तीन मुठी," ती म्हणाली. "आणि वरून थोडी, कवचावर."

ठोक्याने कानावरची पेन्सिल काढली, तिथेच गुडघ्यावर कागद धरला. लिहिता लिहिता थांबला आणि आपली रुंद, वंगणाने भेगाळलेली मूठ पुढे केली. "मूठ म्हणजे केवढी? ही?"

"ही तर फावडं झाली." ती हसली. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच असेल. तिने त्याची बोटं एकेक करून आत दुमडली, अंगठा आत सारला, करंगळी अजून थोडी मिटवली. मैत्रिणीचा हात तिला पाठ होता. "ही. एवढीच होती तिची."

तो आपल्या लहान झालेल्या मुठीकडे बघत राहिला.

"उद्या येता का घरी? मी चाखतो, तुम्ही सांगा."

"येईन. सकाळची पूजा आटोपली की येते. लोणी मात्र आजच बाहेर काढून ठेवू नकोस, थंडच लागतं."

"ते आहे कागदात," ठोक्या म्हणाला, आणि साखरेच्या ओळीसाठी दोन ओळींच्या मधे जागा शोधू लागला.