दुसरी खुर्ची

दातांच्या डॉक्टरासारखा नशीबवान वक्ता दुसरा नाही. श्रोता समोर आडवा पडलेला, तोंडाचा आ केलेला, गालात कापूस आणि जिभेखाली लाळ ओढणारी नळी. त्याला टाळी वाजवता येत नाही हे खरं, पण मुद्दा खोडताही येत नाही. फार तर तो घशातून ‘आं’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा ते डॉक्टर ठरवतात. आमच्या या डॉक्टरांनी आयुष्यभर त्याचा अर्थ ‘अगदी बरोबर’ असाच घेतला होता. गल्लीत सगळे त्यांना पाठीमागे अर्थमंत्री म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

“सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा हो?” दाढ कोरता कोरता ते विचारत. “तुमचा आणि माझा. आणि वाटणारा म्हणतो, मी दिला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. आमच्याकडे नवा पंखा घ्यायचा म्हटलं तर बायको आधी विचारते, जुन्याला काय धाड भरलीय? सरकारला असं विचारणारी बायको नाही, हाच देशाचा खरा रोग. दुखतंय?”

“आं.”

“दुखणारच. आणि विचारायचं कुणी? तर म्हणे टीव्हीवाल्यांनी. ते सरकारच्या जाहिरातींवर पोसलेले. ज्याच्या हातून घास घ्यायचा त्याच्या हाताला चावणार कसे? ओरडतात खूप, पण दात लागू देत नाहीत. आणि अर्थव्यवस्था कशी आहे ते कळायला मला टीव्ही लागत नाही. पूर्वी माणसं दाढ वाचवायला यायची. हल्ली येतात आणि म्हणतात, काढूनच टाका. वाचवायला खर्च जास्त, काढायला कमी. लोकांच्या खिशात काय उरलंय ते मला त्यांच्या तोंडात दिसतं. चूळ भरा.”

डॉक्टर काही अगदीच खोटं बोलत नसत. कर वेळेवर भरत, पावती दिल्याशिवाय पैसे घेत नसत, आणि दिवा विनाकारण जळताना दिसला तर दुसऱ्याच्या घरातलाही बंद करून येत. पण अलीकडे त्यांच्या बोलण्याला वेगळीच धार आली होती. ती कुठून आली हे दवाखान्यात शिरणाऱ्या कुणालाही दिसायचं, कारण त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी एक खुर्ची होती. नवी कोरी, फिकट निळी, आणि अजून कारखान्यातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली.

लेक दातांची डॉक्टर होऊन येणार म्हणून त्यांनी ती आधीच आणून ठेवली होती. लेक आली, थोडे महिने बापाच्या शेजारी उभी राहून शिकली, आणि प्लॅस्टिक आज काढू, उद्या काढू असं चाललेलं असताना रस्त्यापलीकडे सरकारने दातांचं मोफत केंद्र काढलं. ती तिकडे नोकरीला लागली. बापलेकीत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मिटलं असतं. ती केंद्राने दिलेल्या खोलीत राहायची, पण रोज घरी यायची, जेवायची, आईशी गप्पा मारायची, आणि दातांचा विषय निघाला की दोघंही ताटात बघायची. दवाखान्यातल्या मदतनीस मावशी रोज सकाळी त्या प्लॅस्टिकवरची धूळ ओल्या फडक्याने पुसत. ते काढायची मात्र सोय नव्हती.

एक टीव्हीवरचा निवेदक डॉक्टरांचा पेशंट होता. त्याचे पुढचे दोन दात डॉक्टरांनीच बसवलेले, आणि त्या दातांवर त्याचा धंदा चालायचा. एकदा सफाईसाठी आलेला असताना त्याला पलीकडच्या केंद्रावरचं अख्खं प्रवचन ऐकावं लागलं. फुकट म्हटलं की रांग लागते, रांग लागली की अजून खर्च मंजूर होतो, आणि आमची लेकसुद्धा तिकडेच अडकून पडलीय, वगैरे. तोंड मोकळं झाल्यावर तो म्हणाला, “डॉक्टर, हे तुम्ही आमच्या चर्चेत येऊन बोला. शनिवारी संध्याकाळी. सामान्य करदात्याचा आवाज म्हणून.”

टीव्हीवाल्यांबद्दलची सगळी मतं डॉक्टरांनी त्या क्षणी खुंटीला टांगली आणि हो म्हटलं. घरी येताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. सरकारचा खर्च वाचेल तेव्हा वाचेल. त्यांच्या डोक्यात एकच गणित होतं. ओरड झाली तर केंद्र बंद होईल, आणि केंद्र बंद झालं तर लेक कुठे जाईल? रस्ता ओलांडून इकडेच येईल. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. बायकोला ते न सांगताच कळलं, ही गोष्ट वेगळी.

शुक्रवारपासून त्यांची खालची डावी दाढ ठणकायला लागली. आधी ते आरशात बघून स्वतःलाच म्हणाले, काही नाही, थोडी सूज आहे. शनिवारी सकाळी गाल टम्म फुगला. गोळ्या घेतल्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. बसलं की ठणका, उठलं की ठणका. खिडकीपासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून खिडकीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या, आणि खिडकीतून दर वेळी पलीकडची रांग दिसत होती. आसपास दातांचे दुसरे एकच डॉक्टर होते, ते परदेशी मुलाकडे गेलेले. जगभरच्या दाढा नीट करणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडात हात घालता येत नाही.

दुपारी मावशींनी छत्री काढून त्यांच्या हातात दिली. बाहेर कडक ऊन होतं.

“छत्री कशाला?”

“तोंड लपवायला,” मावशी म्हणाल्या. “रस्ता ओलांडायचाय ना?”

छत्री खाली ओढून ते केंद्राच्या दारात पोचले आणि पहिल्यांदाच आतून ती जागा पाहिली. उपचाराची एकच खोली, एकच खुर्ची, आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं. त्यांतली कितीतरी तोंडं त्यांच्या ओळखीची निघाली. तोंडंच ओळखीची, नावं नव्हती. तो बसचा चालक, त्याला त्यांनी रूट कॅनॉलचा खर्च सांगितला होता आणि ‘घरी विचारून येतो’ म्हणून तो गेला तो गेलाच. ती शिलाईवाली, तीही तशीच. ही माणसं घरी बसून दाढा सोसत असतील असं डॉक्टर धरून चालले होते. खरं सांगायचं तर त्यांनी काहीच धरलं नव्हतं, विचारच केला नव्हता. त्यांना पाहून चालक सरकला आणि म्हणाला, “बसा डॉक्टर. तुमचंही दुखतं का?”

नंबर आल्यावरच लेकीने त्यांना आत घेतलं, आधी नाही. त्यांनाही ते बरंच वाटलं.

“आ करा,” ती म्हणाली. मग बराच वेळ आरसा फिरवत राहिली. “बाबा, नस सडलीय. आज उघडून साफ करते, पुढचं सोमवारी. पण भूल द्यावी लागेल आणि ओठ, जीभ संध्याकाळपर्यंत जड राहील. आई म्हणाली कार्यक्रम आहे. पुढे ढकला.”

“नाही. दे भूल.”

सुई गेली, गाल लाकडासारखा झाला, आणि गालात कापूस, जिभेखाली नळी. डॉक्टर आडवे पडून दिव्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते खुर्चीच्या या बाजूला होते.

“तुम्ही काय बोलणार ते मला माहीत आहे,” लेक काम करता करता म्हणाली. “लहानपणापासून ऐकतेय. आणि त्यातलं निम्मं खरं आहे. मागे कोपऱ्यात खोकं दिसतंय? क्ष-किरणांचं नवं यंत्र आहे. आठ महिन्यांपूर्वी आलं, मंडप घातला, फीत कापली, सगळ्यांनी त्याच्याशेजारी फोटो काढले. वीजजोडणीची परवानगी अजून आली नाही. मी अंदाजाने दाढा उघडते. हे टीव्हीवर बोला. मला बोलता येत नाही, माझी नोकरी आहे.”

“आं,” डॉक्टर म्हणाले.

“थांबा, हलू नका. पण मग रांगेबद्दलही बोला. मागच्या महिन्यात एक बाई आली, घरच्या पकडीने दाढ काढायचा प्रयत्न करून आलेली. दाढ निम्मी तुटून आत राहिली होती. अशी बाई तुमच्याकडे येत नाही बाबा. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही, तिला तुमची पायरी चढायचीच भीती वाटते.”

डॉक्टरांना पुष्कळ बोलायचं होतं. नळी गुरगुरत राहिली.

“आणि केंद्र बंद झालं की मी तुमच्याकडे येईन असं तुम्हाला वाटतंय,” ती म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता, पण आवाज खाली आला होता. “नाही येणार. दुसऱ्या केंद्रात बदली मागेन, ते लांब असेल. इथे निदान मी रोज खिडकीतून तुम्हाला बघते. तुम्ही पेशंटला बोलताना हात हलवता ना, ते इथून दिसतं.”

डॉक्टरांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं. तिने ते कापसाने टिपलं. दाढ दुखत होती असं कुणीही म्हटलं असतं.

संध्याकाळी ते स्टुडिओत बसले तेव्हा डावा अर्धा ओठ अजून आपला नव्हता. भाषण मात्र पाठ होतं, नवं, दोन बाजूंचं. आधी यंत्र, मग रांग. खर्चाचा हिशेब मागायचा, पण दुकानच बंद करा म्हणायचं नाही. एवढं सरळ, समतोल बोलणं त्यांनी याआधी कधी तयार केलं नव्हतं. निवेदकाने चार जणांना एकमेकांवर सोडून दिलं, मग त्यांच्याकडे वळला.

“डॉक्टर, मोफत केंद्रावरचा खर्च म्हणजे उधळपट्टी, बरोबर?”

“अर्धं बरोबर,” डॉक्टरांनी सुरुवात केली, पण जिभेने दगा दिला. शब्द तोंडातच भिजले. “यंत्र... खोक्यात... पण लोकांना...” ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, त्यांनी रुमाल लावला.

“डॉक्टरांना भावना आवरत नाहीयेत,” निवेदक हळवा होऊन म्हणाला. “आणि का आवरतील? त्याच केंद्रात त्यांची स्वतःची मुलगी नोकरीला आहे. पोटच्या मुलीचीही पर्वा न करणारा हा करदाता म्हणतोय, बंद करा हे केंद्र. असंच ना, डॉक्टर?”

“आं,” डॉक्टर म्हणाले. त्यांना नाही म्हणायचं होतं.

“अगदी बरोबर,” निवेदक म्हणाला, आणि डॉक्टरांनीच बसवलेले दोन दात दाखवत कॅमेऱ्याकडे वळला. खाली पट्टी धावायला लागली होती: करदात्याचा संताप, केंद्राला टाळं लावा.

घरी बायकोने टीव्ही बंद करून ठेवला होता. “अहो, तुम्ही असं बोललात?” तिने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली, नाही म्हणून. ती बघत राहिली. “मग कोण बोललं?” लेक त्या दिवशी जेवायला आली नाही. रविवारीही आली नाही. डॉक्टर दिवसभर घरात फिरत होते, बसले की उठत होते, उठले की कुठे जायचं ते कळत नव्हतं. आपलेच दात आपलेच ओठ, दोष द्यायचा कुणाला? भूल कधीच उतरली होती आणि आता प्रत्येक शब्द स्वच्छ म्हणता आला असता, पण ऐकायला कुणी नव्हतं.

सोमवारी ते छत्रीशिवाय गेले. बाकावरच्या सगळ्यांनी टीव्ही पाहिला होता हे शिरल्याबरोबर कळलं. चालक सरकला नाही. डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले, नंबर येईपर्यंत.

लेकीने ‘आ करा’ एवढंच म्हटलं आणि पूर्ण काम संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग नळी काढली, कापूस काढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “बोला आता. आज भूल कमी दिलीय.”

एवढं मोकळं तोंड आणि एवढा शांत श्रोता. डॉक्टरांना एकही सुविचार आठवेना.

“मी ते म्हणालो नव्हतो,” ते म्हणाले.

“मला कळलं. मी रोज अशी तोंडं बघते.”

“बंद करतील आता?”

“एवढ्यात नाही. बंद करायलाही यांना समिती नेमावी लागते.”

डॉक्टरांना हसू आलं. ही जीभ तिने कुठून उचलली ते सांगायला नको होतं. मग ते उठून बसले आणि दाराबाहेरच्या बाकांकडे बघून म्हणाले, “इथे एकच खुर्ची आहे.”

“दुसरी मागितलीय. टेंडर निघायचंय.”

“टेंडर,” डॉक्टर म्हणाले. तो शब्द त्यांनी चावून बाजूला ठेवला. “माझ्याकडची घेऊन जा. धूळ खातेय. सरकारच्या पैशाने नाही, माझ्या पैशाची आहे. आणि तुझीच आहे तशीही.”

ती हातातला आरसा विनाकारण पुसत राहिली. मग म्हणाली, “बाबा, देणगी घ्यायची तर अर्ज लागतो. वरून मंजुरी. मग तपासणीला माणूस येतो.”

“मी माझी खुर्ची फुकट देतोय, त्याला अर्ज?”

“हे टीव्हीवर बोला,” लेक म्हणाली, आणि शनिवारनंतर पहिल्यांदा हसली. “आज जेवायला येते. अर्ज घेऊन येईन.”

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनी कात्री मागितली. मावशी कात्री घेऊन आल्या तेव्हा ते दुसऱ्या खुर्चीपाशी उभे होते. प्लॅस्टिक उन्हाने पिवळं आणि कडक झालं होतं, कापताना त्याचे तुकडे पडत होते. आतली निळी खुर्ची नवीच्या नवी निघाली. डॉक्टरांनी पायाने कळ दाबून पाहिली, खुर्ची आवाज न करता वर आली, खाली गेली. मावशींचा चेहरा उजळला.

“ताई येणार का इकडे?” त्यांनी विचारलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “खुर्ची जाणार आहे.”